दोनशे एकोणीस

अलकापुरीत, पिनाकिनभाईंच्या ऑफिसात
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि ते माझ्या पासपोर्टवरचे शिक्के
पंचांग वाचावं तसे वाचतात, ओठ हलवत.
"मृणालबेन, पाच वर्षांत सातशे तीस लागतात.
तुमचे झाले पाचशे अकरा."
मग कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवतात,
जणू मला वजाबाकी येत नाही.

नियम तसा उदार आहे.
विमान रात्री पावणेबाराला टेकलं तरी तो दिवस पुरा धरतात,
पहाटे निघालात, तर तोही.
झोपून काढलेला रविवार धरतात.
रेजायनाच्या बेकरीत रात्रपाळीला पाव मोजले, ते तर धरतातच;
बर्फावर घसरून मनगट मोडलं,
सहा आठवडे खिडकीशी बसून
समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजल्या,
तेही.
कोणी विचारत नाही त्या दिवसांचं काय केलंत.
होतात ना तिथे? झालं.

आणखी एक कलम आहे.
नवरा तिथला नागरिक असेल
आणि त्याच्यासोबत तुम्ही बाहेर राहिलात,
तर बाहेरचे दिवसही आतले होतात.
मी विचारलं, आणि भाऊ?
पिनाकिनभाईंनी चष्मा काढला, शर्टाला पुसला.
"भाईनी कलम नथी, बेन."

जयसिंगचं मंगळ-गुरु-शनि.
कारेलीबाग, दुसरा मजला, खुर्ची नंबर चार.
आधी काट्यावर उभं करतात, नंतर पुन्हा.
त्याचं कोरडं वजन अठ्ठावन्न,
वर भरेल ते पाणी, ते मशीन काढून घेतं.
"अक्का, तुझे कमी पडतात, माझं जास्त होतं,
दोघांचा एकच फॉर्म भर."
सिस्टर हसते. कोट्टायमची आहे,
पुढच्या महिन्यात आयर्लंडला चालली.
तिची बॅग तेवीस किलो भरली, हेही तिने आम्हाला सांगून टाकलंय.

शेवउसळ आणली तर त्याला रस्सा वर्ज्य.
मी माझी वाटी ओट्याशी उभ्यानेच संपवते,
चोरी केल्यासारखी,
आणि तो बाहेरून ओरडतो, तरी काय वर घातलीस ना?

करुणेचा अर्ज करता येतो म्हणे.
डॉक्टरचं पत्र, त्याचं भाषांतर, नोटरी,
त्याच्या मुलाचं हैदराबादहून प्रतिज्ञापत्र
की त्याला रजा मिळत नाही,
आमच्या दोघांचे एकत्र फोटो, तारखेसह.
फोटो नाहीत आमचे.
रोज समोर दिसणाऱ्या माणसाचा फोटो कोण काढतं?
काल एक काढला, खुर्ची नंबर चारवर.
त्याने मुद्दाम तोंड पाडलं, म्हणाला,
करुणा नीट यायला हवी.

आज आठ ऑगस्ट, गुरुवार.
कार्ड संपतं चौदा मार्चला.
आज तिथे उतरले असते
तर बरोब्बर दोनशे एकोणीस झाले असते,
एकही जास्त नाही.
दूधवाल्या डेअरीच्या कॅलेंडरवर
मी हा चौकोन जून महिन्यापासून बघून ठेवला होता.
आज सकाळी त्यात लिहिलं: जाताना तीन किलो शंभर.
दुसऱ्या कोणाला वाटेल, भाजीचा हिशेब.

आता इथे बारा वाजले रात्रीचे.
इथली आठ तारीख संपली.
तिथे दुपारचे साडेबारा,
पार्किंगमध्ये ऊन असेल,
बेकरीचे ट्रे धुऊन पालथे घातलेले,
आणि तिथली आठ तारीख अजून अर्धी उरलेली,
कोणाच्याही खात्यात जमा होत असलेली.

"अक्का, जागी आहेस?"
घसा सुकलाय त्याचा.
पाण्याचं आजचं माप जेवतानाच संपलं.
"एक बर्फाचा खडा देतेस?
बरं, दोन."
मी फ्रीज उघडते.
उजेडात ट्रे वाकवते, कटकन आवाज होतो.
दोन काढते.
थोडा वेळ तशीच उभी राहते, मूठ गार होईपर्यंत,
आणि मग तिसरा.